थाळनेरचे हजिरे: चौकोनावर घुमट कसा बसतो आणि कशाने खचतो

धुळे जिल्ह्यात शिरपूरजवळच्या थाळनेरला जाणारा माणूस सहसा किल्ल्यासाठी जातो. तापीच्या काठावरची पडकी तटबंदी, खाली नदीचं पात्र, दहा-पंधरा फोटो आणि परत शिरपूर. पण गावात ज्या घुमटदार कबरी आहेत, ज्यांना इकडे हजिरे म्हणतात, त्यांच्यापाशी तासभर थांबलं तर खानदेशातल्या जुन्या बांधकामाबद्दल जितकं कळतं तितकं किल्ल्यात फिरून कळत नाही. किल्ल्याचं लढण्याचं काम १८१८ साली, इंग्रजांनी तो घेतला तेव्हा, संपलं. हजिऱ्यांचं काम अजून चालू आहे. साडेपाचशे-सहाशे वर्षांपूर्वी डोक्यावर ठेवलेलं वजन ते आजही जमिनीपर्यंत पोचवत आहेत.

आधी इतिहास, थोडक्यात. दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाने १३७० साली मलिक राजाला थाळनेर-करवंदची जहागीर दिली. १३८२ च्या सुमाराला मलिक राजा स्वतंत्रपणे कारभार करू लागला आणि फारुकी घराण्याची सुरुवात इथून झाली. दुसरा खलिफा उमर फारुक हा आपला पूर्वज, असा या घराण्याचा दावा, म्हणून नाव फारुकी. १३९९ साली मलिक राजा वारला आणि थाळनेरला दफन झाला. त्याचा थोरला मुलगा मलिक नसीर धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यावर होता आणि थाळनेर धाकट्याकडे. पुढे नसीरने तिथला प्रमुख आशा अहीर याच्याकडून आशिरगड कपटाने घेतला, तापीच्या दोन काठांवर बऱ्हाणपूर आणि झैनाबाद वसवलं, धाकट्या भावाकडून थाळनेरही काढून घेतलं. गुजरातच्या सुलतानाकडून या राजांना ‘खान’ किताब मिळाला आणि त्यावरून प्रदेशाला खानदेश म्हणू लागले, अशी एक प्रचलित व्युत्पत्ती आहे.

आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट यानंतरची. राजधानी बऱ्हाणपूरला सरकली तरी कबरी थाळनेरलाच होत राहिल्या. नसीर १४३७ साली वारला, त्याच्यानंतरचे राजे मिरान आदिल १४४१ साली आणि मिरान मुबारक १४५७ साली. तिघांनाही मलिक राजाच्या शेजारी आणून पुरलं. त्यानंतरचा आदिल खान दुसरा मात्र बऱ्हाणपूरलाच दफन झाला. म्हणजे थाळनेरचा राजकबरींचा काळ १३९९ ते १४५७ असा जेमतेम साठ वर्षांचा. बऱ्हाणपूरची भव्य जामा मशीद, जिच्यात अरबी लेखाच्या जोडीला संस्कृत शिलालेखही कोरला आहे, ती याच्या सव्वाशे-दीडशे वर्षांनंतरची. थाळनेरला जे दिसतं ते या घराण्याचं पहिलं बांधकाम. साधं, जाडजूड, आणि म्हणूनच वाचायला सोपं.

हजिरा वाचायचा तर तळापासून वर जावं, पण आम्ही सांगू की पहिल्या फेरीला आत जाऊन थेट वर बघा. खोली चौकोनी आणि डोक्यावर घुमट गोल. चौकोनावर गोल बसवायचा म्हणजे चार कोपरे रिकामे राहतात, आणि रिकाम्या जागेवर दगड ठेवता येत नाही. घुमटाच्या सगळ्या वास्तूंचं मूळ कोडं हेच. ते किती मोठं आहे हे आकड्यांत पाहिलं की लगेच समजतं.

उदाहरणादाखल आतून २० फूट बाय २० फूट खोली धरू. मध्यापासून भिंत १० फुटांवर, पण कोपरा १४ फूट पावणेदोन इंचांवर. म्हणजे १० फूट त्रिज्येचा घुमट ठेवला तर प्रत्येक कोपऱ्यात ४ फूट पावणेदोन इंचांची पोकळी उरते. आता प्रत्येक कोपऱ्यात तिरपी कमान घातली, तर चौकोनाचा अष्टकोन होतो. त्यासाठी कोपऱ्यापासून दोन्ही भिंतींवर ५ फूट सव्वादहा इंच मोजून खूण करायची आणि त्या दोन खुणा कमानीने जोडायच्या. अष्टकोनाची प्रत्येक बाजू ८ फूट साडेतीन इंचांच्या आसपास येते. आता पोकळी मोजा: साधारण १० इंच. त्याच्यावर दगडाचा एखादा थर किंचित पुढे काढून सोळा बाजू केल्या की पोकळी राहते सव्वादोन-अडीच इंच. एवढी तर गिलाव्यात आणि दगडाच्या घडणीत सहज जिरते. चार फुटांवरून दहा इंच आणि दहा इंचांवरून अडीच इंच, अशा दोन पायऱ्यांत कोडं सुटतं. म्हणून आत उभं राहून वर पाहिलं की आधी चार भिंती, मग आठ कमानी, मग सोळा कोन आणि मग गोल अशी चढण दिसते. या कोपऱ्यातल्या कमानी पुसट झाल्या असतील, रंगाखाली गेल्या असतील, पण त्या किंवा त्यांच्या जागी तसाच आधार असणारच. तो आधार नसता तर घुमट नसता.

थाळनेरच्या समूहात एक हजिरा अष्टकोनी आहे. बाहेरच्या अंगावर सगळ्यांत जास्त कोरीव काम त्याच्यावर, आणि माळव्यातल्या मांडूच्या बांधकामाची आठवण करून देणारा. लोक कोरीव कामासाठी त्याच्यापुढे थांबतात, पण त्याची खरी हुशारी आराखड्यात आहे. भिंतीच आठ घेतल्या, तर चार फुटांची पोकळी मुळात तयारच होत नाही. काम दहा इंचांपासून सुरू होतं. कोपऱ्यातल्या मोठ्या कमानींची गरज नाही, वजन चार कोपऱ्यांऐवजी आठ जागी वाटलं जातं. मग सगळेच हजिरे अष्टकोनी का नाहीत? कारण अष्टकोनाच्या प्रत्येक कोपऱ्याचा दगड १३५ अंशांत घडवावा लागतो. पाथरवटाच्या हातातला गुण्या काटकोनाचा असतो. बेसॉल्टसारख्या कठीण काळ्या पाषाणात १३५ अंशांचा कोपरा थरागणिक जुळवणं म्हणजे घडाईचा खर्च कितीतरी वाढला. इथे तो खर्च केलेला दिसतो. मापं घ्यायला गेलात तर आठही बाजू आणि समोरासमोरची चारही अंतरं मोजा. चारही अंतरं जवळपास सारखी निघाली की समजावं, आखणी मध्यात खुंटी ठोकून दोरीने केली आहे.

कोरीव कामाबद्दल एवढंच की बेसॉल्टमध्ये खोल कोरणं अवघड, छिन्नी उडते. म्हणून नक्षी उथळ असते आणि उन्हाच्या दिशेवर तिचं दिसणं अवलंबून असतं. भर दुपारी सपाट वाटणारी भिंत सकाळी आठला किंवा संध्याकाळी पाचला बोलू लागते. लेखांचंही तसंच. अक्षरं वाचण्यासाठी त्यांत खडू भरू नका, तेल लावू नका, लिंबू तर अजिबात नको. अंधारलेल्या जागी टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून एका बाजूने आडवा प्रकाश टाका आणि फोटो घ्या. मग टॉर्च दुसऱ्या बाजूला नेऊन पुन्हा घ्या. दोन फोटो शेजारी ठेवले की पुसट अक्षरही उठून येतं.

आता खाली, कबरीकडे. डोळ्यांना दिसतो तो वरचा दगडी किंवा चुनेगच्ची उंचवटा, त्याला तावीज म्हणतात. देह त्याच्या खाली जमिनीत. आपल्याकडे कबर उत्तर-दक्षिण असते: डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला, देह उजव्या कुशीवर, चेहरा पश्चिमेला मक्केकडे. म्हणून बऱ्याच मकबऱ्यांचा दरवाजा दक्षिणेला असतो, येणारा पायाकडून येतो. खानदेशात या दिशेची एक छान गंमत आहे. थाळनेर साधारण सव्वाएकवीस अक्षांशावर आणि मक्काही एकवीस अंशांच्या पुढेच. जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर. पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब धरला तर अचूक दिशा पश्चिमेच्या सहा-सात अंश उत्तरेला येते, पण जुन्या कारागिरांनी ध्रुवतारा पाहून घेतलेली सरळ पश्चिमही फारशी चुकत नाही. होकायंत्र बरोबर असेल तर तावीज किती अंशांत आहे ते टिपून ठेवा. एकाच आवारातल्या कबरींत दोन-तीन अंशांचा फरक सापडला तर त्यातून कोणती आधीची, कोणती नंतरची याचा अंदाज बांधायला मदत होते.

तावीजाच्या माथ्यावर हात फिरवून पहा. मधोमध लांबट उंचवटा असेल तर तो कलमदान, म्हणजे पुरुषाची कबर. त्याऐवजी सपाट पाटी, तख्ती, असेल तर स्त्रीची. पाटीवर लिहिलं जातं आणि लिहितं कलम, अशी त्यामागची कल्पना सांगतात. नाव पुसलं गेलं, लेख गेला, तरी एवढी एक खूण उरते. थराथराने रंग चढवलेल्या कबरींवर ती डोळ्यांना दिसत नाही, तळव्याला मात्र कळते.

सगळ्याच कबरी कायमच्या नसत, हेही याच पट्ट्यात दिसतं. मुमताज महल १६३१ च्या जूनमध्ये बऱ्हाणपूरला वारली, तेव्हा तापीपलीकडे झैनाबादला तिला तात्पुरतं दफन केलं आणि सहा महिन्यांनी आग्ऱ्याला नेलं. थाळनेरच्या राजांची वाट याच्या उलट: राजधानी बऱ्हाणपूरला गेली तरी शेवटची जागा जुन्या गावात.

आता जे सांगायला बसलो आहोत त्याकडे वळू: हे टिकतं कशाने आणि खचतं कशाने.

घुमट खाली दाबतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो बाहेरही ढकलतो, हे ध्यानात राहत नाही. अर्धगोल घुमटाचा माथा दाबाखाली असतो, पण माथ्यापासून साधारण ५२ अंश खाली उतरलं की त्यापुढचा घेर बाहेर फाकू पाहतो. दगड-विटा दाब सहन करतात, ताण नाही. त्यामुळे घुमटाला भेगा जातात त्या बुडापाशी सुरू होऊन वर चढत निमुळत्या होतात, संत्र्याच्या फोडींसारख्या. अशी भेग दिसली की लगेच घाबरायचं कारण नाही. शतकानुशतकं अशा भेगा घेऊन घुमट उभे आहेत, कारण प्रत्येक फोड आपल्यापुरती कमान होऊन उभी राहते. जुन्या बांधणाऱ्यांना हे अनुभवाने माहीत होतं. म्हणून घुमटाच्या बुडाशी जाड कठडा, चार कोपऱ्यांवर छोटे मिनार किंवा बुरुजासारखे उंचवटे, आणि खाली भरभक्कम भिंत. ती शोभा वाटते, पण ते वजन आहे. बाहेर जाणारा रेटा खाली वळवण्यासाठी ठेवलेलं. ‘मोडकळीस आले’ म्हणून हे कोपऱ्यातले उंचवटे उतरवले आणि परत बांधलेच नाहीत, तर काही पावसाळ्यांनी बुडाची भेग रुंदावायला लागते. कारण शोधताना लोक घुमट तपासतात, कठडा नाही.

भिंत बाहेरून घडीव दगडाची दिसते, पण ती आरपार तशी नसते. बाहेर एक पाळ, म्हणजे घडीव दगडांचा उभा थर, आत एक पाळ, आणि मधे चुन्यात कालवलेला दगडगोटा. दोन्ही पाळींना बांधून ठेवायला अधूनमधून लांब दगड आडवे घुसवलेले असतात. जिथे ते कमी पडले आणि वरून पाणी आत उतरलं, तिथे मधला चुना धुऊन जातो, गोटा खाली बसतो आणि बाहेरच्या पाळीला पोट सुटतं. हे ओळखायचं कसं? कठड्यावरून ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडा आणि दर दोन फुटांवर दोरीपासून भिंतीचं अंतर मोजून लिहा. आकडे हळूहळू एका दिशेने बदलत असतील तर भिंत कललेली आहे, मधेच कमी होऊन परत वाढत असतील तर पोट सुटलं आहे. मग लाकडी हातोडीने ठोकून पहा. भरीव भिंत ठस्स वाजते, पोकळ भिंत ढब्ब. खडूऐवजी कागदावर भिंतीचं चित्र काढून त्यात पोकळ जागा रंगवा.

पोकळी भरायची तर पातळ चुना-सुरखी (चुना आणि विटांची भुकटी) खालच्या छिद्रातून सुरू करून वर वर जायचं. एका दिवसात दीड-दोन फुटांच्या वर चढायचं नाही. घाईने सगळं एकदम ओतलं तर ओल्या भरावाचा रेटा आधीच सुटलेल्या पाळीला बाहेर ढकलून देतो आणि भिंत दुरुस्त होता होता पडते. भराव घालण्याआधी छिद्रातून साधं पाणी सोडून ते कुठून बाहेर येतं ते पाहणंही तितकंच गरजेचं, त्या जागा आधी बुजवायच्या.

आता सिमेंट. खानदेशातल्या जुन्या कबरींचं सगळ्यांत जास्त नुकसान सिमेंटने केलं आहे, आणि ते प्रेमापोटी झालं आहे. उरूस जवळ आला की गावकरी वर्गणी काढतात, गवंडी येतो, दर्जांमध्ये, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांमध्ये, सिमेंट भरून वर रेघा ओढतो. दोन वर्षं छान दिसतं. पण काळा पाषाण पाणी पीत नाही, जवळपास नाहीच. भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडायला एकच वाट असते, दगडांमधल्या चुन्याच्या दर्जा. ती वाट सिमेंटने बंद झाली की ओल आतल्या बाजूला वळते. आतल्या गिलाव्याला खार फुटतो, पांढरी बुरशीसारखी पूड येते, गिलावा फुगून पोपडे पडतात. लोक म्हणतात भिंत जुनी झाली. भिंत सहाशे वर्षं जुनी होतीच, पोपडे दोन वर्षांपूर्वीच्या दर्जांमुळे पडले. दुसरं कारण उन्हाचं. मे महिन्यात इथे ४५ अंश तापमान नवं नाही आणि काळा दगड हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. वीस फुटांची भिंत सकाळ-दुपारच्या फरकात मिलिमीटरभर लांबते-आखडते. चुना मऊ असतो, तो हे सोसतो. सिमेंट कडक, आणि दगडापेक्षा जास्त प्रसरण पावणारं. ते एकतर सुटून पडतं, नाहीतर दगडाची कड घेऊन जातं. सुटलेल्या फटीतून पाणी आत जातं आणि चक्र पुन्हा सुरू.

मग चुना कसा करायचा? आपल्या भागात चुन्याला तोटा नाही. काळ्या जमिनीत नांगराला लागणारे चुनखडीचे पांढरट खडे, कंकर, हेच इकडे चुन्यासाठी जाळत आले. कंकरमध्ये मातीचा अंश असल्याने तो चुना ओलीतही घट्ट होतो, पायासाठी आणि भिंतीच्या पोटासाठी चांगला. गिलाव्याला शुद्ध चुनकळी, म्हणजे भाजलेला पण न भिजवलेला चुना, बरी. कळी भिजवायची ती खड्ड्यात किंवा टाकीत, आधी पाणी आणि मग थोडी थोडी कळी, उलटं केलं तर उसळून अंगावर येते. डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच, चुन्याने डोळा कायमचा जाऊ शकतो. भिजलेला चुना गाळून, वर दोन बोटं पाणी ठेवून, निदान तीन-चार आठवडे मुरवायचा. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. न मुरलेली कळी मिश्रणात गेली तर ती गिलाव्यात बसल्यावर भिजते, फुगते आणि भिंतीवर पुटकुळ्या फुटतात.

दर्जांसाठी एक भाग मुरलेला चुना, एक भाग सुरखी आणि एक भाग धुतलेली नदीची वाळू, हे प्रमाण सुरुवातीला धरायला ठीक. सुरखी म्हणजे विटांची भुकटी, पण कोणत्याही विटांची नव्हे. भट्टीत जळून काळपट-काचेसारखी झालेली वीट चुन्याशी काहीच करत नाही. कमी भाजलेली, तांबूस, नखाने उकरता येणारी वीट हवी. वाळूत तापीचा गाळ असेल तर चुना धरत नाही. बाटलीत वाळू आणि पाणी घालून हलवा आणि तासभर ठेवा, वर मातीचा थर जाड बसला तर वाळू पुन्हा धुवा. पूर्वी हे सगळं बैलाने फिरवायच्या चुन्याच्या घाणीत तासन् तास मळलं जायचं. आता घाणी नसेल तर चाकाची चक्की वापरा. सिमेंटच्या मिक्सरमध्ये चुना नुसता ढवळला जातो, मळला जात नाही, आणि मळल्याशिवाय त्याला चिकटपणा येत नाही. मग गवंडी पाणी वाढवतो आणि सुकताना भेगा पडतात. गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी या जुन्या गोष्टी कामाच्या आहेत, पण बेताने. गूळ जास्त झाला तर चुना आवळायला उशीर लागतो आणि मुंग्या लागतात.

दर्ज उकरायची ती छिन्नी-हातोडीने, ग्राइंडरने नाही. ग्राइंडर दगडाची कड कापतो आणि ती कापलेली रेघ कायमची राहते. उकरण्याची खोली दर्जेच्या रुंदीच्या दुप्पट, किमान एक इंच. धूळ काढा, आदल्या संध्याकाळी आणि भरण्याआधी पाणी मारा, चुना दाबून भरा आणि शेवटी दगडाच्या कडेपेक्षा किंचित आत ठेवा. दगडावर चढलेली नक्षीदार फुगीर दर्ज पाणी अडवून आत घालते. मग ओलं गोणपाट निदान दहा-बारा दिवस. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने घट्ट होतो आणि त्याला ओल लागते, सुकून गेला तर नुसती पूड राहते. म्हणूनच खानदेशात चुन्याचं काम ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढंच. एप्रिल-मेमध्ये केलेलं काम पहिल्या पावसात हाताने खरवडता येतं आणि दोष मात्र चुन्याला लागतो.

जुनी दर्ज चुन्याची की सिमेंटची हे ओळखण्यासाठी लोक लिंबाचा थेंब टाकतात. फेस येतो, पण जुन्या सिमेंटलाही थोडा येतो. त्यापेक्षा तुकडा हातात घेऊन तोडा. चुना नखाने किंवा बोटाच्या दाबाने तुटतो आणि आत वाटाण्याएवढे पांढरे कण दिसतात. सिमेंट करड्या रंगाचं, एकसारखं, तुटताना आवाज करतं.

पाण्याचा हिशेब एकदा करून पहावा असा आहे. वीस फूट व्यासाचा घुमट आकाशाला साधारण २९ चौरस मीटर जागा दाखवतो. एका रात्रीत ५० मिलिमीटर पाऊस झाला, आपल्याकडे होतोच, तर त्या एका घुमटावर जवळजवळ दीड हजार लिटर पाणी पडतं. ते सगळं बुडाशी, कठड्याच्या आत गोळा होतं आणि दगडी पन्हळीतून बाहेर फेकलं जावं अशी रचना असते. पन्हळ भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे यायला हवी. ती तुटली, किंवा तिच्यात कबुतरांची विष्ठा आणि पानं अडकली, की तेच दीड हजार लिटर भिंतीच्या पोटात. मे अखेरीस एका माणसाने एक तास शिडी लावून पन्हळी साफ केल्या, तर लाखभर रुपयांच्या दुरुस्तीपेक्षा जास्त उपयोग होतो. हे अगदी जबाबदारीने लिहितो आहोत.

पिंपळ, वड, उंबर यांची रोपं पक्ष्यांच्या विष्ठेतून येतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात दर्जांत दिसू लागतात. बोटभर असताना, भिंत ओली असताना, मुळासकट अलगद निघतात. मनगटाएवढं झालेलं झाड ओढून काढलं तर दोन दगड बरोबर येतात. असं झाड बुंध्याशी कापायचं, बुंध्याला भोक पाडून जाणकाराच्या देखरेखीखाली तणनाशक घालायचं, मूळ मेल्याची खात्री झाल्यावर दर्जा उघडून काढायचं आणि त्याच दिवशी चुना भरायचा. पोकळ सोडलेल्या मुळाच्या वाटेने पाणी सरळ आत जातं.

पायाखालची जमीन हा खानदेशाचा खास प्रश्न. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तापीकाठच्या गाळाच्या थरात तर पाणी घळी पाडत जातं. जोत्याभोवती पाणी साचू नये म्हणून पाच-सहा फूट पट्टीला बाहेरच्या बाजूला उतार द्या, दर फुटाला पाव इंच पुरे. हा पट्टा मुरूम आणि चुना-खडीचा करा. काँक्रीटचा ओटा घातला तर खालची ओल वर येऊ शकत नाही आणि भिंतीतून चढते. फरशीचंही तेच. तावीजाभोवती गुळगुळीत टाइल बसवल्या की आतल्या भिंतींना गुडघाभर उंचीपर्यंत खार फुटलेला दिसतो. ऑइलपेंटऐवजी चुन्याची सफेदी पातळ तीन हात द्यावी. हिरवा रंग हवाच असेल तर तो चुन्यात कालवता येतो.

भेग जिवंत आहे की थांबलेली, हे ठरवायला वर्ष लागतं, त्याहून कमी वेळात निष्कर्ष काढू नये. भेगेवर तीन ठिकाणी प्लास्टर ऑफ पॅरिसची बोटभर रुंद पातळ पट्टी लावून बाजूच्या कागदी चिठ्ठीवर तारीख टाका. पट्टी तडकली तर दर महिन्याला फट मोजा. पावसाळ्यात मिटते आणि मे महिन्यात उघडते, पुढच्या वर्षी परत तेवढीच, तर ती काळ्या जमिनीची हालचाल आहे. तिथे भेग कडक मालाने भरणं चूक, कारण मिटायला जागा न मिळाल्याने भिंत दुसरीकडे फुटेल. दरवर्षी थोडी वाढतच गेली, तर पाया किंवा घुमटाचा रेटा तपासायला अभियंता बोलवा.

यातलं कोणतंही काम हात घालण्याआधी वास्तू संरक्षित आहे का हे विचारून घ्या. केंद्राच्या १९५८ च्या कायद्याखाली संरक्षित असेल तर वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. राज्याचा कायदा १९६० चा, वेगळा. संरक्षित वास्तूला गावाने सफेदीही परस्पर द्यायची नसते. पण खानदेशात गावोगावी अशा कितीतरी कबरी आहेत ज्या कोणत्याच यादीत नाहीत आणि ज्यांचं राखणं गावाच्याच हातात आहे. वरची बहुतेक माहिती त्यांच्यासाठी.

थाळनेरला जायचं तर बरोबर तीस मीटरचा टेप, ओळंबा, होकायंत्र, टॉर्च आणि चौकटीचा कागद असू द्या. आतमध्ये माथ्याजवळ आग्या मोहोळ नाही ना हे आधी दारातून पहा. आणि शक्य असेल तर जूनमधला पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. कोरड्या भिंतीवर सगळे दगड एकसारखे काळे दिसतात. त्या सकाळी ज्या दर्जा शेवटपर्यंत ओल्या राहतात, त्याच्या सरळ वर नजर न्या. तिथे बहुतेक वेळा तुटलेली पन्हळ किंवा पिंपळाचं रोप सापडतं.